पाठ असलेला नंबर

आमच्या रस्त्यावरची माणसं आधी गाडीचा नंबर ओळखायची आणि मग आत कोण बसलंय ते बघायची. सगळ्याच गाड्यांच्या बाबतीत नाही, एकाच. आठ शून्य शून्य आठ. तो नंबर ड्रायव्हिंग स्कूलच्या पांढऱ्या गाडीवर होता आणि त्या गाडीत शिकवणाऱ्या माणसाला लहानथोर सगळे ‘ऐंशीआठ सर’ म्हणायचे. त्यांचं खरं नाव स्कूलच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायला थांबतो कोण?

माझं दुकान त्यांच्या स्कूलला लागून आहे. मी गाड्यांची सीट कव्हरं शिवतो. मधली भिंत अशी पातळ की मशीन थांबवलं की पलीकडचा वर्ग जसाच्या तसा ऐकू यायचा. क्लच हळू सोडावा, आरसा दर थोड्या वेळानं बघावा, घाई असलेल्या माणसाला आधी जाऊ द्यावं, हे सगळं मी फुकटात इतक्या वेळा ऐकलंय की स्वप्नातही मी सिग्नल देऊन वळतो. गाडी मात्र मी रागीटच चालवतो. त्यावर सरांकडेही इलाज नव्हता.

तो नंबर त्यांनी मागून घेतलेला होता. लोक जन्मतारीख मागतात, लग्नाची तारीख मागतात, कुणाला ज्योतिषानं सांगितलेला आकडा हवा असतो. सरांनी पहिली गाडी घेतली तेव्हा ते न्हाव्याच्या दुकानात कागदावर इंग्रजी आकडे लिहून आरशासमोर धरून बसले होते. न्हावी अजून सांगतो. दाढीला आलेलं गिऱ्हाईक खोळंबलं आणि हे आपले आठ धर, तीन धर, सात धर. शेवटी म्हणाले, “आठ आणि शून्य. हे आरशातही सरळच दिसतात.” त्यांचं म्हणणं असं, की पुढच्या गाडीवाल्यानं आरशात बघितलं तरी मागे शिकाऊ माणूस आहे हे त्याला कळलं पाहिजे. आणि खरोखर कळायचं. आठ शून्य शून्य आठ आरशात दिसला की लोक झटकन बाजूला व्हायचे. ते जीव वाचवायला व्हायचे, पण सरांना तो मान वाटायचा. आम्हीही कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

गाड्या बदलल्या, नंबर तोच राहिला. ती सोय वाहन कार्यालयात आहे. जुनी गाडी विकायच्या किंवा मोडीत काढायच्या आधी तिच्यावरचा नंबर उतरवून घ्यायचा, तो आपल्या नावावर राखून ठेवायचा आणि नवी गाडी आली की तिच्यावर चढवायचा. जुन्या गाडीला मग कार्यालय देईल तो नंबर. हे न करता गाडी मोडीत गेली तर नंबरही तिच्याबरोबर गेला. सर हा नियम येईल त्याला समजावून सांगायचे. समोरच्याकडे सायकल असली तरी.

त्यांचा पहिला धडा गाडीत होत नसे. आमच्या दुकानांपुढे दिव्याचा खांब आहे. नव्या शिकाऊला त्या खांबापाशी उभं करायचं, गाडी पलीकडे लावायची आणि म्हणायचं, “वाचा.” डोळे धड नसतील त्यानं चाकाला हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. परवान्याच्या परीक्षेतही ठरावीक अंतरावरून नंबर वाचायला लावतातच. पण इथे गंमत अशी की तो नंबर पोरासोरांनाही पाठ. शिकाऊ खांबापाशी पोचायच्या आधीच म्हणायचा, “आठ शून्य शून्य आठ.” मी दुकानातून ओरडायचो, “सर, आंधळासुद्धा पास होईल इथे.” सर हसायचे आणि म्हणायचे, “पाठ असलं तरी बघून म्हणायचं.”

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण कोडी घालत बसायचा माझा स्वभाव नाही. शेवटची काही वर्षं सरांना दिसत नव्हतं. अगदी अंधार नव्हता. कडेचं थोडं दिसायचं, मधोमध धुकं. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलं जायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की यावर चष्मा नाही, ऑपरेशन नाही आणि गेलेलं परत यायचं नाही. हे सरांना माहीत होतं आणि त्यांच्या भाचीला माहीत होतं. मला माहीत नव्हतं. एका पातळ भिंतीपलीकडे बसून, रोज त्यांच्याबरोबर चहा पिऊन मला पत्ता लागला नाही, याचा राग मला अजून येतो.

भाची म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही शाळेत होती. सरांनी लग्न केलेलं नव्हतं. त्यांनी हिला घरी आणलं, वाढवलं, वेण्या घालायला न्हाव्याच्या बायकोकडून शिकले. ती मोठी झाल्यावर त्यांनी तिला गाडी शिकवली आणि मग शिकवायलाही शिकवलं. स्कूलचं काम दोघं मिळून बघायची. सगळा रस्ता तिला भाचीच म्हणायचा, जणू ती आम्हा सगळ्यांचीच भाची होती. सरांनी गाडीही तिच्या नावावर करून टाकली होती. “माझ्यामागे तिला खेटे नकोत,” म्हणायचे. गाडी तिच्या नावावर म्हणजे नंबरही तिच्याच नावावर. तेव्हा मी म्हटलं होतं, “सर, विचार करा.” ते म्हणाले होते, “तिच्या बाबतीत मी विचार करत नाही.”

याच सुमारास सरांनी शिकवायची नवी पद्धत काढली. चाक हातात घेतलं की शिकाऊनं तोंड बंद ठेवायचं नाही. जे दिसेल ते मोठ्यानं बोलत राहायचं. पुढे लाल दिवा, डावीकडे सायकल, एक बाई रस्ता ओलांडतेय, तिच्या हातात पिशवी आहे. दिसलेलं बोललं की डोक्यात बसतं, असं सरांचं म्हणणं. पद्धत गाजली. लांबून लांबून लोक यायला लागले. भित्री माणसंही बोलता बोलता गाडी शिकून जायची.

माझी बायको त्याच पद्धतीत शिकली. तिला बोलायला कुणी सांगावं लागत नाही, त्यामुळे ती पहिल्या दिवसापासून सरांची लाडकी. “तुमच्यासारखे डोळे मी बघितले नाहीत,” असं सर तिला म्हणाले होते आणि ते वाक्य आमच्या घरी रोज भाकरीबरोबर वाढलं जायचं. तिला ती सवय इतकी लागली की घरातही सुरू. “उजवीकडे दूध उतू जातंय. पुढे सासूबाई, वेग कमी. समोर नवरा, हलत नाही.” मी हसायचो. त्या गाडीत दोन माणसं बसत होती आणि डोळे एकाच माणसाचे होते, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

गडबड झाली ती एका मुक्या शिकाऊमुळे. मुका म्हणजे खरा मुका नव्हे, लाजाळू. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर खाली मान घालून बसणारा. सर म्हणाले, बोला. तो दोन शब्द बोलायचा आणि गप्प व्हायचा. एका वळणावर पुढे रस्ता खणून लाकडी आडोसा लावला होता. घड्याळवाल्याला वाटलं, सरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक आहे, ते दाबतीलच. सर वाट बघत होते की हा काहीतरी बोलेल. गाडी आडोसा मोडून पुढे गेली आणि मातीच्या ढिगात जाऊन थांबली. खड्ड्यात काम करणारे दोघे नुकतेच जेवायला वर आले होते. सरांनी सगळ्यांना सांगितलं की शिकाऊ घाबरला. घड्याळवाल्यानंही तेच सांगितलं. पण फी परत मागायला आला तेव्हा भाचीला हळूच म्हणाला, “ताई, सरांनी ब्रेक दाबलाच नाही हो. ते समोर बघत होते, तरी दाबला नाही.”

भाची त्या दिवशी मामांशी भांडली. शिकवणं थांबवा, ऑफिसात बसा, गाडी मी बघते. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, परवान्याची परीक्षा येतेच आहे, साहेब ठरवतील. परीक्षा म्हणजे काय, तर शिकवणाऱ्यांना ठरावीक वर्षांनी पुन्हा वाहन कार्यालयात जाऊन नंबर वाचून दाखवावा लागतो. तिथे आपलीच गाडी आवारात लावतात, पांढऱ्या पट्ट्यावर उभं करतात आणि म्हणतात, वाचा. तेवढं वाचलं की पुढची कित्येक वर्षं कुणी विचारत नाही. नाही वाचलं, तर शिकवणं बंद आणि चालवणंही बंद. हे भांडण मला तेव्हा ऐकू आलं नाही. पहिल्यांदाच दोघं हळू आवाजात भांडली असणार.

पुढचं मात्र मी माझ्या कानांनी ऐकलं, माझ्याच दुकानात. स्कूलसाठी नवी गाडी सांगून ठेवली होती आणि मामा-भाची सीट कव्हरचं कापड बघायला आली होती. सर नमुने बोटांनी चाचपत होते. मी रंग विचारला तर म्हणाले, “रंगाचं तुम्ही बघा. पोत हा चांगला आहे.” मला वाटलं, वा, काय पारख आहे.

भाची म्हणाली, “मामा, जुनी गाडी मोडीत द्यायच्या आधी नंबर उतरवून घ्यायला हवा. अर्ज करून ठेवू का?”

सरांचा हात कापडावर थांबला. “कर की. पण परीक्षा झाल्यावर.”

“बरं.”

“परीक्षेला गाडीवर आपलाच नंबर हवा. कळलं ना?”

“हो मामा. परीक्षा झाल्यावर.”

“नक्की?”

“नक्की म्हटलं ना.”

मी मध्येच तोंड घातलं. “अहो, नंबर वाचायचाच आहे ना, मग कुठला का असेना.” दोघंही हसली नाहीत. मला वाटलं, नंबरावर जीव आहे माणसाचा, परीक्षेला तोच हवा असं वाटत असेल.

परीक्षेच्या दिवशी सर मला म्हणाले, “चला बरोबर. येताना चहा घेऊ.” त्यांनी नवा शर्ट घातला होता. गाडी भाचीनं चालवली, सर शेजारी, मी मागे. रस्ताभर सर खुशीत होते. चौकात पोलिसानं आठ शून्य शून्य आठ बघून हात केला, तर भाचीनं सांगायच्या आत सरांनीही हात केला. सवयीनं केला असेल. त्या चौकात रोज कुणीतरी हात करायचंच.

वाहन कार्यालयाच्या आवारात तिनं आम्हाला दारापाशी उतरवलं. म्हणाली, “तुम्ही खिडकीवर जा. मी गाडी लावून येते.” आम्ही आत गेलो. खिडकीवर ही गर्दी. निम्मी माणसं सरांकडे शिकलेली, त्यामुळे सरांना पुढे सोडायची चढाओढ. कुणी खुर्ची दिली, कुणी पंखा इकडे वळवला. एक जाडजूड कंत्राटदार सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “सरांची कसली परीक्षा घेता, सरांनी तुमची घ्यावी.” सर सुखावले. मीही सुखावलो, खोटं कशाला बोलू. अशा माणसाचा शेजारी असण्यातही थोडं मोठेपण असतं.

तपासनीस साहेब बाहेर आले. तरुण माणूस, तोही सरांचा विद्यार्थी. आमच्या खांबापाशी उभा राहून तो आठ शून्य शून्य आठ म्हणालेला मला आठवत होता. “सर, नुसता नियम आहे म्हणून,” तो म्हणाला आणि त्यांना पांढऱ्या पट्ट्याकडे घेऊन गेला. आम्ही सगळे मागोमाग. रांगेतली माणसंही कौतुकानं बाहेर आली.

आमची पांढरी गाडी समोर उभी होती. शेजारी भाची. तिच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता.

साहेबांनी ‘वाचा’ म्हणायच्या आतच सरांनी छाती पुढे काढली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “आठ, शून्य, शून्य, आठ.”

कुणीतरी हसलं. सर चेष्टा करतायत असं वाटलं असेल. मीही हसायला तोंड उघडलं आणि माझी नजर पाटीवर गेली. पाटी कोरी करकरीत होती. आकडे होते तीन, सात, चार, एक.

साहेब म्हणाला, “सर, गाडीवरचा नंबर वाचा.”

“वाचला की. आठ, शून्य, शून्य, आठ.” या वेळी आणखी मोठ्यानं.

आता कुणी हसलं नाही. इतकी माणसं एका आवारात उभी असून खिडकीतल्या शिक्क्याचा आवाज ऐकू येत होता. साहेबाचा चेहरा पडला. एकटा असता तर त्यानं ‘बरोबर’ म्हणून सही ठोकली असती, हे मी पैजेवर सांगतो. पण सगळी रांग बघत होती. तो सरांच्या जवळ गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “सर, थोडं पुढे जाऊन बघता का?”

सर पुढे गेले. आणखी पुढे. गाडीला गुडघा लागला तेव्हा थांबले. वाकले, पाटीवर हात ठेवला आणि उठावाच्या आकड्यांवरून एक एक बोट फिरवत गेले. तीनवर त्यांचं बोट अडलं. परत मागे आलं. मग सात. मग चार. एकवरून बोट खाली घसरलं आणि पाटी संपली. नव्या शर्टाच्या बाहीला धूळ लागली होती. मला धावत जाऊन ती झटकावी असं वाटलं, पण पाय उचलला नाही.

“कुणी बदलली?” सरांनी विचारलं.

“मी, मामा.”

सर सरळ झाले. ती उभी होती त्याच्या थोडं बाजूला त्यांनी बघितलं. मला वाटलं तोंड फिरवलं. आता कळतं की त्यांना तिचा चेहरा बघायचा होता.

“परीक्षा झाल्यावर म्हणाली होतीस,” ते म्हणाले.

“हो.”

बस, तेवढंच बोलणं. साहेबानं कागदावर काय ते लिहिलं. कंत्राटदार, पंखा वळवणारे, खुर्ची देणारे, सगळे आपापल्या रांगेत जाऊन खाली बघत उभे राहिले. नंबर उतरवायचा अर्ज तिनं गुपचूप आधीच केला होता, शेवटचा शिक्का सकाळी कार्यालय उघडताच कुणाकरवी तरी मारून घेतला होता, नवी पाटी तयार करून डिकीत ठेवली होती आणि आम्ही खिडकीवर कौतुक करून घेत होतो तेव्हा ती चार स्क्रू फिरवत होती. जुन्या पाट्या तिनं फडक्यात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवल्या होत्या. परत येताना त्या माझ्या मांडीला टोचत होत्या.

परतीच्या रस्त्यात चौकात गाडी थांबली. भाची आपसूकच म्हणाली, “पुढे लाल दिवा आहे, मामा.”

“मला सांगू नकोस,” सर म्हणाले.

चहा राहिला. चौकातल्या पोलिसानं या वेळी हात केला नाही. त्याला ती गाडी अनोळखी होती.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली, आणि ती गप्प बसली की मला भीती वाटते. मग म्हणाली, “म्हणजे ती गाडी मी एकटीच चालवत होते.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. “माझ्या डोळ्यांचं कौतुक करत होते, आणि वापरत होते होय? मागच्या सीटवर मुलीला घेऊन गेले होते रे मी एकदा.” सरांनी केसानं गळा कापला असं ती म्हणाली. मी म्हटलं, गळा तर भाचीनं कापला, तोही मामाचा, तोही चव्हाट्यावर. त्या रात्री आम्ही दोघं दोन वेगवेगळ्या माणसांवर चिडून एकाच घरात जेवलो.

माझा राग भाचीवर होता. नवी गाडी आली, तिच्यावर आठ शून्य शून्य आठ चढला आणि मालकीण ही. रस्त्यावर कुजबुज सुरू झाली की हिला नंबर हवा होता, स्कूल हवं होतं, म्हणून मामाला बाजूला केलं. मी ती कुजबुज पुढे नेली नाही, पण थांबवलीही नाही. सीट कव्हर घ्यायला ती आली तेव्हा मी कापड तिच्यापुढे टाकलं आणि म्हटलं, “त्या माणसानं तुझ्या वेण्या घातल्या. साहेबाच्या कानात एक शब्द टाकला असतास तर चाललं नसतं? सगळ्यांसमोर उघडं पाडायलाच हवं होतं?”

तिनं कापडाची घडी उलगडून पुन्हा घातली. “साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी मामांना विचारलं असतं, काका. मामा म्हणाले असते, पोरगी काळजी करते उगाच. आणि मग नंबर म्हणून दाखवला असता.”

“मग रांगेतली माणसं जाईपर्यंत तरी थांबायचंस.”

“माणसं नसती तर साहेबांनी सही केली असती. तुम्ही होतात ना तिथे. तुम्हीच सांगा, केली असती की नाही?”

मी कव्हरांच्या गठ्ठ्याला दोरी बांधायला घेतली.

“माझा शब्द मी मोडला,” ती म्हणाली. “मामा मला माफ करणार नाहीत, ते मी धरूनच चाललेय. ते घड्याळवाले काका गप्प बसले, तर खड्डा आला. पुढचा गप्प बसला असता तर काय आलं असतं?” मग कव्हरं काखेत मारून ती गेली. तिच्या बोलण्यात खोट काढता आली नाही म्हणून मला तिचा आणखीच राग आला.

सर भाचीशी घरात कामापुरतं बोलतात. नव्या गाडीत अजून बसलेले नाहीत. तिनं जुन्या पाट्या पुसून त्यांच्या खोलीत ठेवल्या होत्या, त्या त्यांनी तिच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. दिवसभर ते माझ्या दुकानात येऊन बसतात. मी दोरा मागितला की डबा चाचपून देतात, गप्पा मारतात, चहा घेतात. मात्र बाहेरून नवी गाडी गेली की बोलणं अर्धवट राहतं. ते तिला आवाजावरून ओळखतात. लोक येऊन सांगतात, “सर, मघाशी बाजारात तुमचा नंबर दिसला. मी हात केला.” सर म्हणतात, “बरं केलंत.” तो हात आता भाचीला जातो.

भाची शिकाऊंना अजून त्याच खांबापाशी उभं करते, पण आठ शून्य शून्य आठ वाचायला लावत नाही. रस्त्यानं जाणाऱ्या कुठल्याही गाडीकडे बोट दाखवते आणि म्हणते, वाचा. परवा एकीला तीन गाड्या वाचायला लावल्या आणि एकही नीट वाचता आली नाही. तिला तिनं हळूच डॉक्टरकडे पाठवलं. सर माझ्याजवळ बसून ऐकत होते. मी मशीन थांबवलं होतं.

“तिनं आदल्या दिवशी मला सांगायला हवं होतं,” सर अचानक म्हणाले. त्या दिवसाबद्दल ते पहिल्यांदाच बोलत होते. “बाकी काही नाही. नुसतं सांगायचं, मामा, नंबर बदललाय.”

मला जिभेवर ताबा ठेवता येत नाही. “सांगितलं असतं तर तुम्ही नवा नंबर पाठ केला असता.”

“केला असता.” त्यांनी लगेच मान्य केलं. “त्याला कितीसा वेळ लागतो?”

“म्हणून तर नाही सांगितलं तिनं.”

“ते मला कळतं हो. मी काय तिला ओळखत नाही?” त्यांनी चष्मा काढला, जो ते निव्वळ लोकांसाठी घालत होते, आणि शर्टाला पुसला. “ती मला ओळखून होती, तेच लागलं. आयुष्यात एका माणसाबद्दल मी कधी विचार केला नाही. आणि तिनं माझा एवढा विचार करून ठेवला होता.”

मी मशीन सुरू करायला पाय उचलला आणि तसाच ठेवला.

“जुनी गाडी गेली का मोडीत?” सरांनी विचारलं.

“गेली. मागच्याच आठवड्यात.”

“आणि तिच्यावरचा नंबर?”

“गाडीबरोबर गेला. तो कोण उतरवून ठेवणार?”

सरांनी मान हलवली. बाहेर खांबापाशी नवा शिकाऊ अडखळत कुणाच्या तरी गाडीचा नंबर वाचत होता. सर माझ्या खुर्चीत ताठ बसले, आवारात छाती काढून उभे राहिले होते तसे, आणि म्हणाले, “तीन, सात, चार, एक.”

नंतर चष्मा परत घातला. “पाठ आहे मला,” ते म्हणाले.